एका मुंजीचें छायाचित्र : माझगांवांतील कुटुंबचित्राची पूर्वतयारी व त्याचें वाचन

१

जुन्या कागदांचा संग्रह करणारांस पुष्पिकेचें महत्त्व सांगणें नलगे. पोथी कितीही शुद्ध असो, अक्षर कितीही वळणदार असो. शेवटचें पान गळालें म्हणजे ती कोणीं लिहिली, कोणासाठीं लिहिली, कोणत्या शकांत व कोणत्या गांवीं लिहिली, हें सांगणारा साक्षीदार नाहींसा होतो. मग कागद, शाई व अक्षरवटिका यांच्या आधारें अनुमानाची वाट धरावी लागते. घरोघरीं भिंतीवर टांगलेलीं किंवा पेटीच्या तळाशीं पडलेलीं कुटुंबाचीं छायाचित्रें बहुधा अशा पुष्पिका हरवलेल्या पोथ्यांसारखींच असतात. त्यांतील माणसें आपल्याकडे टक लावून पाहतात, परंतु आपलें नांव सांगत नाहींत.

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या माझगांवच्या घरीं कुटुंबाचें छायाचित्र काढविण्याचा बेत ठरला. नातवंडें तीन, थोरला सहा वर्षांचा, मधला तीन वर्षांचा आणि धाकटी नात नुकती वर्षाची झालेली. माजघराच्या भिंतीवर पणजोबांच्या काळचें म्हणून एक चित्र आम्ही लहानपणापासून पाहत आलों आहों. त्यांत जसे बसले आहेत तसेंच आपणही बसावें, अशी कल्पना सूनबाईंनीं काढली. भिंतीवरचें चित्र म्हणजे मूळ चित्राची मागाहून केलेली, वाढविलेली व कडेनें कापलेली नक्कल होती. मूळ कसें होतें तें पाहावें म्हणून जुनी पत्र्याची ट्रंक उघडली, आणि कुंडल्या व खर्चाच्या यादी यांच्या रुमालांत मूळ चित्र सांपडलें. नकलेंत तीनच माणसें, मुळांत दहा. सूनबाईंनीं तें उजेडांत धरून विचारलें, "बाबा, खुर्चीवरचें हें बाळ कोण?"

छत्तीस वर्षें ज्यांनीं शाळेंतल्या मुलांस प्रत्येक उताऱ्याखालीं कर्ता कोण आणि काळ कोणता असें विचारलें, त्या आम्हांस स्वतःच्या घरांतील बाळाचें नांव सांगतां आलें नाहीं. त्या प्रश्नाचा शोध आम्हीं ज्या क्रमानें घेतला त्याच क्रमानें तो येथें मांडतों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें : छायाचित्र आपोआप उमटत नाहीं, तें सिद्ध करावें लागतें; आणि सिद्धतेच्या खुणा चित्रांतच राहतात. लहान मुलें असलीं म्हणजे ही सिद्धता सर्वांत कठीण होते, म्हणून खुणाही त्यांच्याच आसपास अधिक सांपडतात. त्या वाचतां आल्या तर हरवलेली पुष्पिका अंशतः परत मिळते. किती अंशतः, तें पुढें दिसेल.

२

प्रथम साधनाचें वर्णन. चित्र पुठ्ठ्यावर चिकटविलेलें आहे. पुठ्ठ्याची लांबी साडेसहा इंच असून रुंदी चार इंचांहून थोडी कमी भरते. १८६६ पासून 'कॅबिनेट' या नांवानें प्रचारांत आलेल्या पुठ्ठ्याचें माप सुमारें साडेसहा इंच बाय सव्वाचार इंच असे. तेव्हां खालची पट्टी कोणीं तरी चौकटींत बसविण्यासाठीं कापली, हें उघड आहे. छायाचित्रकाराचें नांव व ठिकाण छापण्याची जागा बहुधा तीच. पोथ्या बांधतांना समासांतील टिपा कापून टाकणाऱ्या जिनगराची आठवण येथें कोणासही होईल. पुठ्ठ्याची पाठ कोरी आहे.

कागदाचा रंग पिवळसर तपकिरी झाला असून भिंगाखालीं पातळ चकाकीच्या थराआडून कागदाचे तंतू दिसतात. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदाचें हें लक्षण होय. हा कागद ब्लांकार-एव्हरार या फ्रेंच गृहस्थानें १८५० मध्यें प्रसिद्धीस आणला आणि शतकाच्या अखेरीपर्यंत तो सर्वत्र वापरांत होता. म्हणजे केवळ कागदावरून काळ १८६६ ते सुमारें १९०० असा ढोबळ निघतो.

स्थळ घरामागचें अंगण. खालीं सतरंजी, मागें भिंत. मधोमध खुर्चीवर पागोटें घातलेले एक गृहस्थ. त्यांच्या डावीकडे आलवण नेसलेली वृद्ध स्त्री. मागें उभे एक तरुण गृहस्थ व दोन स्त्रिया. पुढें सतरंजीवर एक मुलगी व दोन मुलगे, त्यांपैकीं एकाचें डोकें दोन वेळां उमटल्यासारखें पुसट. गृहस्थांच्या उजवीकडे मुंडन केलेला, शेंडी राखलेला, हातीं दंड घेतलेला बटु. आणि बटूच्या पलीकडे दुसऱ्या खुर्चीवर, कुंची घातलेलें एकटें बाळ. एकूण दहा माणसें. अकराव्याविषयीं पुढें सांगूं.

३

आतां या कलेचा मुंबईंतील पूर्वेतिहास, प्रस्तुतापुरता. १८३९ च्या ऑगस्टांत दागेर याची कृति पॅरिस येथें जाहीर झाली. १८५१ मध्यें फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें कांचेवर ओल्या कलोडिअनचा थर देऊन चित्र घेण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि तीन वर्षांनीं, १८५४ (शके १७७६) मध्यें, मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. हिंदुस्थानांतील अशी ही पहिली संस्था. तिच्याशीं डॉक्टर भाऊ दाजी व त्यांचे बंधु डॉक्टर नारायण दाजी यांचा संबंध होता, आणि नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रें घेत. भाऊ दाजींनीं शिलालेख व नाणीं यांच्या वाचनांत केलेली कामगिरी आमच्या वाचकांस विदित आहेच. ज्या घरांत शिलालेख लागले त्याच घरांत कॅमेराही नांदला, ही गोष्ट छायाचित्रांस साधन न मानणाऱ्या संशोधकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

१८५५ मध्यें एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग निघाला. तेथें शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनीं पुढें मुंबईंत धंदा केला. या गृहस्थांनीं १८७४ मध्यें लंडन येथें भगवद्गीतेवर इंग्रजी भाष्यही छापविलें. कलोडिअनच्या बाटल्या व गीता एकाच मनुष्याच्या हातीं असाव्या, असा तो काळ होता.

त्याच सुमारास विल्यम जॉन्सन यानें मुंबईच्या जातीजमातींचीं चित्रें दोन भागांत, १८६३ व १८६६ मध्यें, प्रसिद्ध केलीं. दुसरा भाग महाराष्ट्राचा आहे. त्यांतील पुष्कळ माणसें स्टुडिओंत वेगळीं टिपून मग निराळ्या देखाव्यांवर बसविलेलीं आहेत. यावरून एक नियम बांधून ठेवावा : चित्रांतील पार्श्वभाग हा स्थळाचा पुरावा आहेच असें नाहीं. आमच्या चित्रांत मात्र सतरंजीचा कोपरा फरसबंदीच्या फटींत मुडपला आहे, तेव्हां अंगण खरें मानण्यास हरकत नाहीं.

१८७१ मध्यें डॉक्टर मॅडॉक्स यानें जिलेटिनच्या कोरड्या कांचेची रीत सुचविली व त्या दशकाच्या अखेरीस अशा कांचा विकत मिळूं लागल्या. तेव्हांपासून छायाचित्रकारास काळोखी खोली पाठीवर घेऊन हिंडावें लागेना. लग्नामुंजींच्या घरीं त्याला बोलावणें सुलभ झालें.

४

आतां मुख्य विषय, म्हणजे पूर्वतयारी.

ओल्या कांचेच्या काळीं कांचेवर थर द्यावा, ती रौप्यक्षाराच्या द्रावांत बुडवावी, ओली असतांच कॅमेऱ्यांत घालावी, आणि वाळण्यापूर्वीं चित्र उठवावें, असा क्रम असे. सर्व काम कांहीं मिनिटांत उरकावें लागे, आणि आमच्याकडील उन्हाळ्यांत तीं मिनिटें आणखी कमी होत. कुटुंब आधीं बसवून तयार ठेवावयाचें व कांच मागाहून आणावयाची. म्हणजे मुलें ताजीं असतात तेव्हां कांच तयार नसे, आणि कांच येई तोंवर मुलें कंटाळलेलीं असत. कोरड्या कांचेनें ही ओढाताण कमी केली. तरी सावलींत बसलेल्या मोठ्या मंडळीस क्षणभर तरी निश्चल राहावें लागेच.

निश्चलतेसाठीं लोखंडी टेकू असे. त्याच्या वरच्या टोकाचा चिमटा डोक्यामागें लागे, आणि तो समोरून दिसत नसला तरी उभ्या माणसाच्या टांचांमागें त्याची बैठक पुष्कळ चित्रांत डोकावते. आमच्या चित्रांत मागच्या तरुण गृहस्थांच्या पायांमागें ती आहे. संग्राहकांनीं तिला घरांतील एखादें उपकरण समजूं नये.

वस्त्रांची तयारी रंगावरून करावी लागे. त्या काळच्या साध्या कांचांस निळा रंग फार लागे व तांबडा जवळजवळ लागतच नसे. यामुळें निळें वस्त्र पांढुरकें उठे. तांबडें व केशरी काळें उठे. हळदीचा पिवळाही गडद होई. जुन्या चित्रांत काळें पागोटें दिसलें म्हणजे तें काळेंच होतें असें लिहूं नये. आमच्या चित्रांतील वृद्ध स्त्रीचें आलवण अगदीं काळें आहे, आणि तें तांबडें होतें याविषयीं मराठी वाचकास शंका येणार नाहीं. कुंकूही काळेंच उठतें. म्हणून बाळाच्या कपाळीं दिसणारा काळा ठिपका कुंकवाचा कीं काजळाच्या तिटीचा, याचा निर्णय चित्रावरून होत नाहीं.

तीट म्हटली कीं दृष्टीचा विषय आला. छायाचित्र काढल्यानें आयुष्य घटतें, शरीरांतील तेज कॅमेरा ओढून घेतो, असा समज त्या काळीं फार पसरलेला होता. चित्रपटांचे जनक धुंडिराज गोविंद फाळके यांनीं पूर्ववयांत छायाचित्रणाचा धंदा केला. बडोद्यास तो याच समजापायीं बसला, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. त्याच फाळक्यांनीं पुढें स्वतःच्या मुलांस कॅमेऱ्यापुढें उभें केलें. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें प्रदर्शित झालेल्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटांत त्यांचा मुलगा भालचंद्र यानें रोहिदासाचें काम केलें, आणि १९१९ च्या 'कालियामर्दन' मध्यें कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. त्या चित्रपटाच्या आरंभीं तिच्या चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव आधीं दाखविले आहेत. घरच्या मुलास कॅमेऱ्याची भीति न वाटूं देणें ही केवढी तयारी असते, हें ज्यानें एकदां तरी असा खटाटोप केला आहे त्यास समजेल.

उरलें तान्हें मूल. त्यास सांगून कळत नाहीं व चिमट्यांत धरतां येत नाहीं. यावर युरोपांत एक युक्ति सर्रास चाले. आईस खुर्चीवर बसवून तिच्या अंगावर डोक्यापासून वस्त्र घालीत, त्यावर मूल बसवीत, म्हणजे आई आसनाचा एक भाग होऊन जाई. कधीं ती खुर्चीच्या पाठीमागें दडून हात तेवढा पुढें करी. अशीं चित्रें आज पश्चिमेकडील संग्राहक मुद्दाम शोधतात. आपल्याकडील चित्रांत तीं कोणीं शोधलीं असल्यास आमच्या पाहण्यांत नाहीं. परंतु एकदां दृष्टि बसली म्हणजे दिसूं लागतात.

५

आतां आमच्या चित्राकडे वळूं. येथें एक चूक कबूल करणें प्राप्त आहे.

भिंतीवरच्या नकलेंत तीन माणसें होतीं : बसलेले गृहस्थ, मुंडन केलेला मुलगा व मागें उभी एक स्त्री. मुलाचें यज्ञोपवीत उजव्या खांद्यावर होतें, म्हणजे तो अपसव्यांत होता. मुंडन व अपसव्य यांचा मेळ घालून आमच्या घराण्यांत असें सांगत आले कीं, हें चित्र पणजोबा वारल्यावर क्रियेच्या दिवसांत काढलें, मुलगा म्हणजे आमचे आजोबा, आणि बसलेले गृहस्थ त्यांचे चुलते. तीस वर्षांपूर्वीं आम्हीं हस्तलिखित वंशावळ केली, तींत हें सर्व विश्वासानें उतरवून घेतलें आणि पणजोबांस अकाली मारलें.

मूळ चित्रांत यज्ञोपवीत डाव्या खांद्यावर आहे! नक्कल करणारानें कांच उलट्या बाजूनें ठेवली, एवढाच काय तो अपसव्याचा उगम. नकलेंतही हें ओळखतां आलें असतें. मागच्या स्त्रीची नथ तेथें उजव्या नाकपुडींत दिसते. आमच्या स्त्रिया नथ डाव्या नाकपुडींत घालतात. खेरीज सुतकांत नथ कोठून आली, हा प्रश्न आम्हांस तीस वर्षांत एकदांही सुचला नाहीं. बटूच्या हातचा दंड नकलेंत कापला गेला होता. तो मुळांत दिसतांच मुंडन मुंजीचें ठरलें. संग्राहकांस विनंती कीं, जुन्या चित्रांत कोणी अपसव्यांत दिसल्यास आधीं नथ पाहावी व मग श्राद्ध म्हणावें. दागेरच्या रीतीचीं व कांचेवरचीं एकेरी चित्रें तर मुळांतच आरशासारखीं उलटीं असतात, हेंही स्मरावें.

मुंज ठरल्यावर काळ सांपडण्यास वेळ लागला नाहीं. त्याच रुमालांत आजोबांच्या मुंजीच्या खर्चाची याद आहे. शके १८१६, वैशाख, म्हणजे इ. स. १८९४. अक्षर पणजोबांचें. ते त्या वेळीं गोदींत कारकून होते. १७७४ मध्यें लहानशी कोरडी गोदी बांधली गेल्यापासून माझगांवच्या पांढरपेशांचें पोट पुष्कळ अंशीं गोदीवर चाले, आणि त्यांचें अक्षरही गोदीच्या वहीसारखें रेखीव आहे. यादींत न्हावी, परीट, भाड्यानें आणलेली सतरंजी, मुलांस बत्तासे, एक खुळखुळा आणि तसबीर काढणारा अशीं कलमें लागोपाठ आहेत. तसबीरवाल्यापुढील रकमेचा आंकडा कसरीनें खाल्ला आहे; परंतु कलमांचा क्रम रकमेहून मोलाचा आहे. बत्तासे व खुळखुळा मुंजीच्या विधींत कोठेंच लागत नाहींत. ती छायाचित्राची पूर्वतयारी होय. परटाकडून आलेलीं वस्त्रें, पायाखालची सतरंजी, मुलांच्या तोंडांत घालण्यास गोड व डोळ्यांपुढें वाजविण्यास खुळखुळा, इतकी योजना करून त्या कुटुंबानें क्षणभराची निश्चलता विकत घेतली. आणि एक मुलगा त्यांतूनही हललाच.

आतां बाळ. खुर्चीवर तें एकटें बसलेलें दिसतें. सव्वा वर्षाचें मूल परक्या माणसापुढें एकटें ताठ बसत नाहीं. भिंगाखालीं पाहतां कुंचीच्या घोळाशीं, कमरेच्या जागीं, चार बोटें दिसतात. बोटांमागें मनगटाचा थोडका भाग, त्यावर कांचेच्या बांगड्या व पुढें एक पाटली. पाटलीच्या कडेस गोल दाण्यांची ओळ व मधें नागमोडी रेघ आहे. त्या पाटल्यांचा जोड आजही आमच्या घरीं आहे. सासूकडून थोरल्या सुनेकडे तो येत गेला, आणि वैधव्यामुळें वृद्ध सासूच्या हातीं तो १८९४ मध्यें असणें शक्य नव्हतें. त्या वेळची थोरली सून म्हणजे आमची पणजी.

पणजीचें एकही चित्र नाहीं. आयुष्य घटेल म्हणून तिनें कधीं काढूं दिलें नाहीं, असें कारण सांगत असत. मुंजीच्या दिवशीं बटूची आई घरांत नाहीं हें संभवत नाहीं, कारण मातृभोजनावांचून मुंज लागत नाहीं. मागें उभ्या दोन स्त्रियांपैकीं एक पणजोबांची भावजय व दुसरी बहीण, हें त्या शाखांकडील दुसऱ्या चित्रांवरून ठरतें. तेव्हां आमचा निर्णय असा कीं, पणजी या चित्रांत आहे. ती खुर्चीमागें ओणवी बसून बाळास धरून आहे, आणि तिची चार बोटें व एक पाटली एवढेंच तिचें जगांत असलेलें चित्र होय. हें अकरावें माणूस.

राहिला सूनबाईंचा प्रश्न. रुमालांत पणजोबांच्या अपत्यांच्या कुंडल्या चार आहेत. तीन अनुक्रमें बटूस, सतरंजीवरील मुलीस व हललेल्या मुलास जुळतात. दुसरा मुलगा पुतण्या. चौथी कुंडली कन्येची आहे : शके १८१४, माघ शुद्ध एकादशी, रोहिणी नक्षत्र, तृतीय चरण, म्हणजे १८९३ च्या जानेवारीची अखेर. वैशाखांत ही मुलगी पंधरा महिन्यांची होती, आणि चित्रांतील बाळाचें वय तेवढेंच दिसतें. कुंचीमुळें मुलगा कीं मुलगी हें कळत नाहीं, परंतु दुसरें कोणी तान्हें मूल त्या घरांत असल्याचा पुरावा नाहीं.

या मुलीचा पुढें उल्लेख कोठेंच येत नाहीं. १८९६ च्या सप्टेंबरांत डॉक्टर व्हिएगस यांनीं मांडवींत प्लेग ओळखला. मांडवी माझगांवापासून हांकेवर. मुंबईंतील हजारों कुटुंबांबरोबर आमचेंही कोंकणांत गेलें, आणि परत आल्यावरच्या कागदांत तीनच मुलें आहेत. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहींत आम्हीं शोध केला. तेथें मुलगे आहेत, मुली नाहींत. मुलगी प्लेगांत गेली असें आम्ही लिहीत नाहीं, कारण तसा कागद नाहीं. तीन मुलें आहेत, एवढेंच लिहितों.

आणि नांव? कुंडलींत नक्षत्रनामाचें आद्याक्षर आहे. रोहिणीच्या तिसऱ्या चरणाचें अक्षर 'वी'. व्यावहारिक नांव लिहावयाची जागा ज्योतिष्यानें मोकळी सोडली, आणि ती पुढें कोणी भरली नाहीं. शक, तिथि, नक्षत्र, चरण, चित्राचा महिना, सतरंजी भाड्याची होती कीं घरची, येथपर्यंत सर्व आम्हांस ठाऊक झालें. तिची आई तिला कोणत्या नांवानें हांक मारी, एवढें मात्र ठाऊक नाहीं. ज्ञान झालें तें अक्षर एक.

६

नवें छायाचित्र ठरल्याप्रमाणें झालें. प्रथम भंडारवाडा टेकडीवरील जोसेफ बॅप्टिस्टा बागेंत जावें असा विचार होता. होमरूल लीगचे १९१६ चे अध्यक्ष काका बॅप्टिस्टा हे १८६४ मध्यें येथल्याच म्हातारपाखाडींत जन्मले. त्यांच्या नांवच्या बागेंत चित्र निघावें हें आम्हांस आवडलें असतें. परंतु छायाचित्रकार तरुण असला तरी जाणता निघाला. त्यानें सांगितलें कीं, लहान मुलें ओळखीच्या जागींच खुलतात. सकाळीं धाकटीची झोप व पेज झाल्यावर घरच्या उत्तरेकडील गॅलरींत बसावें. कपडे नवे व टोंचणारे घालूं नयेत. सर्वांचे रंग एकमेकांस साजेसे सौम्य असावेत, चौकटीचौकटीचे नसावेत. आणि मधल्यास बसवण्याचा आग्रह धरूं नये. त्याचा कॅमेरा सेकंदाच्या पांचशेंव्या भागांत चित्र टिपतो, तेव्हां धांवणारा मुलगाही त्यांत पुसट होत नाहीं. म्हणजे उत्तरेचा उजेड, परटाचीं वस्त्रें व मुलांचा खाऊ हीं तीन कलमें १८९४ च्या यादींतून आजच्या यादींत तशींच उतरलीं. गेलें तें फक्त हलणें.

धाकटीस मधल्या खुर्चीवर बसविलें. ती कलंडूं लागतांच सूनबाई सवयीनें खुर्चीमागें बसल्या, एक हात तिच्या कमरेशीं धरला, आणि म्हणाल्या, "मी इथून धरतें, तुम्ही काढा." आम्हीं त्यांस उठून पुढें येण्यास सांगितलें. त्या बाळास मांडीवर घेऊन त्याच खुर्चीवर बसल्या. चित्र त्यामुळें थोडें वांकडें झालें आहे. तेंच आम्हीं ठेवलें.

येथें वाचकांस एक सूचना करावीशी वाटते. आजच्या यंत्रांत चित्राची तारीख व वेळ आपोआप नोंदली जाते, म्हणून पुष्पिकेचें काम झालें असें पुष्कळांस वाटतें. परंतु भ्रमणध्वनीवरून चित्र एकमेकांस पाठविलें म्हणजे ती नोंद बहुधा गळून पडते, आणि 'कोण' हें तर यंत्र कधींच लिहीत नाहीं. यासाठीं प्रत्येक कुटुंबचित्राची एक तरी प्रत कागदावर काढावी. तिच्या पाठीवर, शाईनें नव्हे तर मऊ शिसपेन्सिलीनें, हलक्या हातानें, कडेजवळ पुढील गोष्टी लिहाव्या : शक व तिथि, इसवी तारीख, स्थळ, प्रसंग, छायाचित्रकाराचें नांव, मग पाहणाराच्या डाव्या हाताकडून उजवीकडे प्रत्येकाचें नांव व नातें, आणि 'डावीकडून' म्हणजे कोणाच्या डावीकडून हेंही स्पष्ट लिहावें. घरांतील कोण गैरहजर होतें व कां, हेंही नोंदावें. जुन्या चित्रांचे पुठ्ठे कापूं नयेत, चिकटपट्टी लावूं नये. आम्लरहित कागदांत गुंडाळून कोरड्या जागीं ठेवावीं व पावसाळ्यानंतर कसर पाहावी. आणि मुलांचें पाळण्यांतलें नांव लिहून थांबूं नये. आई ज्या नांवानें हांक मारते तेंही शेजारीं लिहावें.

आमच्या नव्या चित्राच्या पाठीवर तें लिहिलें आहे. जुन्या चित्राच्या पाठीवरही पेन्सिलीनें अकरा ओळी घातल्या. दहाव्या ओळींत बाळाच्या जागीं 'वी–, कन्या, जन्म शके १८१४ माघ शुद्ध ११' असें लिहून पुढची जागा मोकळी ठेविली आहे. अकराव्या ओळींत पणजीचें नांव आहे. वंशावळींतील चूक दुरुस्त केली.

माझगांव, म्हातारपाखाडी, डोंगरी अथवा मांडवी या भागांतील १८९० ते १८९६ च्या सुमाराचीं लग्नामुंजींचीं छायाचित्रें वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहीं असल्यास, विशेषतः ज्यांत अंगणाची फरसबंदी व लोखंडी टेकूची बैठक दिसते अशीं, त्यांनीं मंडळामार्फत आम्हांस कळवावें. कापलेल्या पट्टीवरील छायाचित्रकाराचें नांव त्यांवरून कदाचित् मिळेल. आणि कोंकणांतील कोणा आप्ताच्या जुन्या पत्रांत, १८९४ नंतरच्या, 'वी' या अक्षराच्या नांवाची लहान मुलगी आढळल्यास तेंही अवश्य कळवावें. नक्षत्रनाम व हांकेचें नांव कित्येकदां एकच असतें.